सुनेनं सही करू दिली नाही म्हणून

अहो, ऐकलंत का? बँकवाले काका-काकू परवाच परत आले अमेरिकेहून. काकूंच्या मनगटाला अजून पट्टा आहे. आता पट्टा दिसल्यावर न विचारणं बरं दिसतं का? मी आपली दोन काड्या कढीलिंब मागायला म्हणून गेले, आणि मग काय... सगळंच कळलं!

सनीव्हेलला नाही का त्यांचा मुलगा, कॅलिफोर्नियात. चौघं देवळात निघाले होते. सिग्नल लाल, गाडी उभी, आणि मागून एकानं येऊन धाडकन ठोकलं! काकू मागच्या सीटवर, पुढच्या सीटवर हात आपटला आणि मनगट मोडलं. तो बाबा उतरला, 'सॉरी, सॉरी' करत आला. मुलानं इन्शुरन्सचं कार्ड मागितलं मात्र, असा चेहरा पडला म्हणे त्याचा! पॉलिसी कधीच बंद पडलेली. हप्ताच भरला नव्हता हो!

काका म्हणाले, "मला वाटलं, अमेरिकेत असं चालत नाही." न चालायला काय झालं? सातातला एक जण तिकडे विनाइन्शुरन्स गाडी हाकतो. तिकडच्या इन्शुरन्सवाल्यांच्याच संशोधन संस्थेचा २०२२चा अंदाज आहे हा, सूनबाईंनी दाखवला त्यांना.

तर काय सांगत होते... हां, बिल. हॉस्पिटलचं बिल कुणी भरायचं? त्या माणसावर दावा लावाल, पण त्याच्याकडे द्यायला असायला नको का काही? काकांनी इथून निघताना व्हिजिटर इन्शुरन्स घेतलेला, तोही स्वस्तातला. एक्स-रेला इतके, डॉक्टरला इतके, असा ठरलेला. वरचे सगळे डॉलर खिशातून! काकांचा चेहरा म्हणे काकूंच्या प्लॅस्टरपेक्षा पांढरा.

तेवढ्यात सून शांतपणे म्हणाली, "बाबा, आपलं यूएम आहे."

अनइन्शुअर्ड मोटरिस्ट हो! ठोकणाऱ्याकडे इन्शुरन्स नसला, की त्याच्या ऐवजी आपलीच कंपनी भरपाई देते. औषधपाणी, बुडालेला पगार, शिवाय सोसलेल्या त्रासाचेही पैसे. आणि गाडीत बसलेल्या सगळ्यांना, पाहुण्या सासू-सासऱ्यांनासुद्धा!

हे सांगताना काकूंचा आवाज इतका खाली का आला, माहितीये? पॉलिसी घेताना लेकच म्हणाला होता, "हे काढून टाकू, हप्ता कमी होईल." कॅलिफोर्नियात कंपनीला हे कव्हर द्यावंच लागतं. नको असेल तर तसं लेखी सही करून द्यायचं. सुनेनं सही करू दिली नाही. आणि आपल्या काकू इथून व्हिडिओ कॉलवर, "अगं, स्वतःचा इन्शुरन्स काढलाय ना? मग दुसऱ्याच्या चुकीचाही आपणच काढायचा? पैसे वर आलेत का?" सून उधळी आहे हे अख्ख्या लेनमध्ये कुणी पसरवलं, ते काय मी सांगायला हवं? आता परवापासून 'आमची सून भारी हुशार' चाललंय!

आणि हुशार आहेच हो. कॅलिफोर्नियात किमान कव्हर म्हणजे माणशी ३० हजार आणि एका अपघाताला ६० हजार डॉलर, तेही १ जानेवारी २०२५पासून. त्याआधी १५ आणि ३० होतं. सून किमानावर थांबली नाही, जास्तीचं घेतलं. कारण समोरच्याकडे किमान पॉलिसी असली आणि बिल त्याहून मोठं आलं, तर वरच्या फरकालाही हेच कव्हर कामी येतं.

पण कंपनी आपली म्हणून लगेच चेक फाडते असं नाही हं. एकेक कागद मागते, घासाघीस करते, नाहीच जमलं तर लवादापुढे जायचं. आणि ठोकून पळालेल्याचं तर आणखीच निराळं! कोपऱ्यावरच्या इंजिनियरसाहेबांच्या जावयाचं ठाऊक आहे ना? तोही कॅलिफोर्नियातच. एक गाडी आडवी आली, यानं वाचवायला स्टिअरिंग वळवलं आणि दुभाजकावर आदळला. ती गाडी पसार. याच्याकडे यूएम होतं, पण दोन गाड्या एकमेकींना लागल्याच नव्हत्या. कंपनी म्हणाली, शिवली नाही ना, मग नाही! तिकडचा कायदाच तसा. शिवाय २४ तासांत पोलिसांत कळवावंही लागतं. साहेब सांगताना चहा गार झाला त्यांचा...

तर मुद्द्याचं सांगते. तुम्ही निघताय ना एप्रिलमध्ये लेकीकडे, न्यू जर्सीला? तिथले नियम वेगळे. स्टँडर्ड पॉलिसीत हे यूएम असतंच, पण स्वस्तातल्या बेसिक पॉलिसीत नसतं. तेव्हा लोणच्या-पापडांच्या यादीआधी जावयांना विचारा, पॉलिसी कुठली घेतलीय आणि यूएम कितीचं आहे. संकोच करू नका, गाडीत मागे तुम्हीच बसणार आहात. आणि हो, हे सगळं मी सांगितलं म्हणून काकूंजवळ बोलू नका हं!