शेपटीचं सुख

मोटारसायकलच्या रूपाबाबत एक मोठा अन्याय आहे. ज्याने पैसे मोजले, त्याला चालवताना ते दिसत नाही. एकदा बसलं की समोर मीटर, टाकीची पाठ आणि पुढच्या रिक्षामागे लिहिलेला उपदेश, एवढंच. गाडीचा मागचा भाग तर निव्वळ सिग्नलला मागे थांबणाऱ्यांच्या डोळ्यांसाठी. तरीही जुन्या स्पोर्ट बाइकला घरीच नवं अंग चढवायला बसलेला माणूस बहुतेक वेळा शेपटीलाच हात घालतो.

यामाहाची आर-१५ घ्या. २००८ साली ती भारतात आली तेव्हा कॉलेजच्या पार्किंगमध्ये तिच्याभोवती घोळका जमायचा. इंजिन १४९ सीसीचं, पण पाण्याने थंड होणारं, फ्युएल इंजेक्शनचं, सहा गिअरचं. चेसिस डेल्टाबॉक्स. पुढून पाहिलं तर थेट यामाहाच्याच मोठ्या आर-वनच्या घराण्यातली. मागून मात्र सीट एकसंध, टायर १०० मापाचा सडपातळ आणि एकूण थाट ऑफिसला जाणाऱ्या सज्जन गाडीचा. २०११ मध्ये कंपनीने दुसरी आवृत्ती काढली. दोन तुकड्यांची सीट, वर उचललेली टोकदार शेपूट, एलईडी दिवा, ॲल्युमिनियमचा स्विंगआर्म आणि १३० चा रुंद टायर. त्या दिवसापासून पहिल्या आवृत्तीच्या, म्हणजे ‘व्ही-वन’वाल्यांच्या मनाला दुसरीची, म्हणजे ‘व्ही-टू’ची शेपूट चिकटली ती चिकटलीच. मीही त्यातलाच.

पुण्यात असल्या मनोकामनांचा रस्ता नाना पेठेतून जातो. तिथे काउंटरवर पहिला प्रश्न गाडी कुठली हा नसतो. “ओरिजिनल दाखवू का लोकल?” हा असतो. लोकल पॅनेल हातात घेतलं की चमकतं छान, पण छिद्रं अंदाजपंचे. ओरिजिनलची छिद्रं मिलिमीटरला बरोबर, फक्त ती दुसऱ्या गाडीसाठी बरोबर. कारण व्ही-टूचा मागचा सांगाडाच वेगळा आहे. दोन चाकांमधलं अंतरसुद्धा १२९० वरून १३४५ मिलिमीटर झालेलं. म्हणजे माल कुठलाही घ्या, कानस विकत घ्यावी लागतेच.

बसवताना एक नियम मात्र सोन्यासारखा. कुठलाही बोल्ट आधी पूर्ण आवळायचा नाही. प्रत्येकाचे दोन-तीन आटे बसवायचे, सगळे सैल ठेवायचे, पॅनेल दोन्ही बाजूंनी हलवून जागेवर आणायचं आणि मग आळीपाळीने थोडं थोडं कसायचं. लग्नाच्या बैठकीत एका मामाचं आधीच पक्कं करून टाकलं की उरलेले तीन मामा जागेवर येत नाहीत, तसंच हे. उजवीकडचा बोल्ट उत्साहाने आवळला की डावीकडचं छिद्र अर्धा चंद्र दाखवतं. मग गोल कानस घेऊन त्या चंद्राची पौर्णिमा करत बसायचं, प्लास्टिकचा पांढरा भुसा मांडीवर झेलायचा आणि मागे रुंद वॉशर लावून छिद्राची वाढलेली कंबर झाकायची. प्रत्येक जोडाखाली रबर बुश हवाच. नाहीतर तीन हजार आरपीएमला अशी खडखड सुरू होते, की गाडीपेक्षा शेपूटच जोरात धावतेय असं वाटावं.

विजेचा भाग वेगळाच. हौसेने एलईडी इंडिकेटर लावले, की जुना फ्लॅशर घाबरतो. त्याला बल्बच्या भाराची सवय. भार कमी झाला म्हणजे बल्ब उडाला, असं समजून तो दुप्पट वेगाने टिकटिकायला लागतो. एलईडीला चालणारा फ्लॅशर आणला की शांत होतो.

हे सगळं सोसायटीच्या पार्किंगमध्ये चालू असताना प्रेक्षक असणारच. दुसऱ्या मजल्यावरचे काका पिशवी घेऊन थांबले.

“काय रे, गाडी खोललीस?”

“शेपूट बदलतोय, काका.”

“जुनी मोडली का?”

“नाही.”

“मग?”

या ‘मग?’ला उत्तर नाही. वेग वाढणार नाही, ॲव्हरेज वाढणार नाही. मी “दिसायला बरी” असं काहीतरी पुटपुटलो. काकांनी बाइककडे पाहिलं, मग माझ्या सुटलेल्या पोटाकडे पाहिलं आणि काही न बोलता जिना चढले.

शेपूट एकदाची बसते. दोन पावलं मागे जाऊन बघावं, तर ती इतकी भरदार, की तिच्याखालचा जुना टायर उपाशी वाटायला लागतो. १३० चा टायर जुन्या अरुंद रिमवर नीट पसरत नाही, म्हणून रिम हवा. रिमसाठी स्विंगआर्म, आणि लांब स्विंगआर्म आला की चेनही लांब. या वाटेने शेवटपर्यंत चालत गेलेला माणूस व्ही-टूच्या किमतीत व्ही-वन बाळगतो. आमच्या घरी ही यादी वेळेवर थांबली, कारण सौ. नव्या उंच, चिमूटभर मागच्या सीटवर एकदा बसली आणि कोपऱ्यावरच उतरून म्हणाली, “तुम्ही व्हा पुढे, मी रिक्षाने येते.”

कायद्याचंही भान ठेवावं लागतं. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ गाडीच्या मूळ रचनेत फेरफार करू देत नाही, आणि २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही ते ठणकावून सांगितलं. रंग बदलला तरी आरसीवर नोंद लागते. शिवाय पंधरा वर्षांनी नोंदणीचं नूतनीकरण करायला आरटीओत गेलं, की साहेब चेसिस नंबर शोधतात. तुम्ही शेपटीकडे कितीही कौतुकाने बोट दाखवा.

म्हणून सुटे झालेले जुने भाग फेकायचे नाहीत. वर्तमानपत्रात गुंडाळून माळ्यावर टाकायचे, घरच्यांची बोलणी खायची. कारण उद्या गाडी विकायला काढली, की येणारा प्रत्येक जण एकच विचारतो, “सगळं ओरिजिनल आहे ना?” मग त्याच पार्किंगमध्ये, त्याच पान्याने शेपूट उतरवायची आणि जुनी चढवायची. हौसेला मोल नसतं म्हणतात. गिऱ्हाईकही तेच म्हणतं आणि शेपटीचा एक रुपया देत नाही.