पाणी सोडून सगळं जिरतं

यवतमाळ जिल्ह्यात पाणी सोडून सगळं जिरतं. ग्रामविकासाचा पंचवीस-पंधराचा निधी जिरतो, आमदार फंड जिरतो, वित्त आयोगाचा हप्ता तर खात्यात पडायच्या आधीच जिरलेला असतो. मार्चमध्ये जिल्ह्याची शोषणक्षमता अशी काही वाढते की भूजल सर्वेक्षणवाल्यांनी येऊन मोजमाप घ्यावं. राहतं ते पाणी. ते बिचारं जुलैत येतं, गल्लीतल्या गट्टूंवर उभं राहून खाली जायला वाट मागतं आणि ती मिळाली नाही की नाइलाजानं कुणाच्या तरी स्वयंपाकघरात शिरतं.

गट्टू म्हणजे अंदाजपत्रकातले ‘इंटरलॉकिंग काँक्रीट पेव्हिंग ब्लॉक’. वणीपासून उमरखेडपर्यंत सोळा तालुक्यांत गट्टू नसलेली मोकळी जागा बघायची तर आता वावरात जावं लागतं. समाजमंदिरापुढे गट्टू, दवाखान्यापुढे गट्टू, शाळेच्या मैदानात गट्टू (कबड्डी बंद, कारण गुडघे शासकीय नाहीत) आणि मोक्षधामात तर हमखास. कडुलिंबाच्या बुंध्याला ते असे भिडवलेले असतात की झाडाला जाड व्हायचं असेल तर आधी प्रशासकीय मान्यता घ्यावी लागेल. दिल्लीच्या एका प्रकरणात राष्ट्रीय हरित लवादानं २०१३ साली झाडाभोवती एक मीटर जागा मोकळी सोडा, असं बजावलं होतं. झाडामागे तेवढे चौरस मीटर बिलातून कमी होतात, हे लवादाच्या लक्षात आलं नसावं.

आता गंमत बघा. महाराष्ट्राला जलसंधारणाचं स्वतंत्र खातं दिलं ते मुख्यमंत्री सुधाकरराव नाईकांनी, आणि ते आमच्या पुसदचे. ‘पाणी अडवा, पाणी जिरवा’ ही घोषणा इथल्या किती शाळांच्या भिंतींवर रंगवलेली होती! भिंती अजून उभ्या आहेत, पायथ्याशी गट्टू बसलेत. घोषणेतला पहिला अर्धा भाग आपण इमानदारीनं पाळला. पाणी अडतं. अगदी दारात अडतं.

याच यवतमाळ शहरानं २०१८ च्या उन्हाळ्यात निळोणा आणि चापडोह ही दोन्ही धरणं आटलेली पाहिली. नळाची पाळी दिवसांत नाही, आठवड्यांत मोजली. टँकरमागे ड्रम घेऊन पळालेली माणसं अजून त्याच गल्ल्यांत राहतात. आणि याच जिल्ह्यात जुलै २०२३ मध्ये महागाव तालुक्यातल्या आनंदनगर तांड्यावर लोक पुरात अडकले, तेव्हा हवाई दलाची हेलिकॉप्टरं बोलवावी लागली. त्या पुराचं खापर गट्टूंवर फोडण्याइतका मी अडाणी नाही. तसल्या पावसापुढे गट्टूही वाहून जातात. पण एरवीच्या साध्या सरींचं काय? शंभर मीटर लांब, चार मीटर रुंद गल्ली घ्या. जिल्ह्यात वर्षाला ९०० मिमीच्या आसपास पाऊस पडतो. म्हणजे त्या एका गल्लीवर वर्षाला ३ लाख ६० हजार लिटर पाणी उतरतं, दहा हजारी टँकर छत्तीस. निम्मं जिरलं तरी अठरा टँकर आपण आपल्याच दाराखाली ठेवले असते. ते आपण नालीला देतो आणि एप्रिलमध्ये टँकर विकत घेतो. व्यवहार म्हणतात तो हा.

ओळखीचे एक ठेकेदार आहेत. नाव नको, धंदा चालू आहे. त्यांना विचारलं, “भाऊ, या गट्टूतून पाणी खाली काहून नाही जात?”

“जाईन कसं? खाली डस्ट दाबली, फटीत डस्ट भरली, त्याच्या खाली जुना सिमेंट रोड. पाण्याले का ड्रिल मशीन देऊ?”

“मग जुना रोड खोदत काहून नाही?”

“खोदाचे पैसे एस्टिमेटात हायेत ना! पण खोदलेलं दिसत नाही बाप्पा. साहेब येते, भाऊ येते, फोटो निघते. फोटोत गट्टू दिसते, खालची गिट्टी दिसते का?”

मला हे पटलं. लोकशाहीत जे फोटोत येत नाही त्याचा भरवसा कोण धरणार? न खोदता गल्लीवर गल्ली चढत जाते. पंधरा वर्षांपूर्वी ज्या ओट्याला तीन पायऱ्या होत्या त्याला आता एक उरली आहे, आणि तीही येत्या मार्चची वाट बघते आहे. जिल्ह्याचा विकास असा मिलिमीटरमध्ये मोजता येतो. आजीला ओटा चढायचा त्रास राहिला नाही, तिची लाभार्थी म्हणून नोंद करून घ्यावी.

शिवाय आमच्याकडे स्वयंचलित पाणी-निचरा असलेला गट्टूही आहे, त्याचं श्रेय कुणी घेत नाही. कडेची सिमेंट बॉर्डर घातलेली नसते, म्हणून ओळ हळूहळू पसरते आणि मधला एखादा गट्टू सुटतो. वरून तो सज्जन दिसतो. पावसानंतर त्याच्या एका टोकावर पाय दिला की दुसऱ्या टोकातून चिखलाची पिचकारी थेट गुडघ्यापर्यंत. पांढरी पँट घालून लोकार्पणाला आलेल्या पाहुण्यांनी हा प्रयोग जरूर करावा.

आता गट्टूची बाजूही मांडली पाहिजे. दुसऱ्या महायुद्धात रोटरडॅम बेचिराख झालं, विटा मिळेनात, म्हणून डचांनी रस्त्याला काँक्रीटच्या विटा लावल्या. पुढे जर्मनांनी त्यांना नागमोडी कडा दिल्या, म्हणजे एकावर भार आला की शेजारचा धावून येतो. (आपल्याकडे हा गुण फक्त गट्टूंत उरला आहे.) गट्टू पाणी पीत नाही हा त्याचा गुन्हाही नाही. भारतीय मानक १५६५८ सांगतं की गट्टूनं सरासरी आपल्या वजनाच्या ६ टक्क्यांहून जास्त पाणी शोषू नये. जास्त शोषलं तर तो कच्चा. पाणी जायचं असतं ते फटीतून. राजगिऱ्याच्या लाडवासारखा छिद्राछिद्रांचा, बिनवाळूचा गट्टूही निघतो, पण त्याला ताकद कमी, ट्रॅक्टरखाली तो टिकायचा नाही.

फटीचं शास्त्र सोपं आहे. गट्टूच्या कडेला छोटे उंचवटे असतात. ते २-३ मिमीचे ठेवले तर फट बंदच समजा. ८-१० मिमीचे ठेवले, फटीत डस्टऐवजी धुतलेली बारीक गिट्टी भरली आणि खाली मुरूम-चुरीऐवजी आधी बारीक, मग जाड गिट्टीचा थर दिला, की तोच गट्टू पाणी सोडतो. आकार तोच, गुंफण तीच, एकाच गल्लीत कुठे घट्ट आणि कुठे मोकळा. आणि आमच्या जिल्ह्यात तो जागेप्रमाणे वेगळा असायलाच पाहिजे. शहराच्या माळावर मुरूम आहे, तिथे मोकळी फट चालते. वर्धा-पैनगंगेच्या काठची काळी माती मात्र भिजली की फुगते, पाणी गिळायचं बंद करते आणि भिंतीला तडे देते. तिथे भिंतीलगत मीटरभर घट्ट गट्टू आणि घरापासून लांब उतार. मधोमध मोकळी फट, खाली गिट्टीचा जाड थर आणि जादा पाणी शोषखड्ड्याकडे नेणारा छिद्रांचा पाइप. हातपंपाभोवती पुन्हा घट्ट, नाहीतर वरची घाण सरळ पंपात. कापसाच्या गाड्या लागतात त्या मार्केट यार्डात ८० ते १०० मिमी जाडीचा.

पण ही विद्या अमलात आली तर काय होईल ते मला आत्ताच दिसतं. कमी-जास्त मोकळ्या फटींचे गट्टू ओळखू यावेत म्हणून रंग ठरवायला सर्वपक्षीय बैठक लागेल आणि रंगावरून ती उधळेल. घट्ट गट्टू कुणाच्या भिंतीला आणि मोकळा कुणाच्या दारात, यावर ग्रामसभेत दोन गट पडतील. मोकळा गट्टू महाग म्हणून कमी दराची निविदा येईल, आणि फटी मोकळ्याच राहतील, कारण त्यात भरायची गिट्टी वाटेतच जिरेल. देखभाल तर आणखी पुढची गोष्ट. अशा फटी दरवर्षी झाडून, ओढून साफ कराव्या लागतात. धुळीनं त्या बुजतात. आमच्याकडे धूळ आहे, हंगामात जिनिंगच्या कापसाचे पुंजके आहेत, आणि सगळ्यांवर मात करणारी खर्र्याची, म्हणजे सुपारी-तंबाखूची, पन्नी आहे. ती ८ मिमीच्या फटीत बरोबर बसते. कुठल्याही जर्मन अभियंत्यानं खर्र्याची पन्नी गृहीत धरलेली नाही.

तरी एक करता येईल. तुमच्या गल्लीचं भूमिपूजन झालं की गट्टू बसायच्या आधल्या दिवशी जा आणि खाली खोदलंय का, गिट्टी किती इंच पडली, हे पट्टीनं मोजून फोटो काढा. तो एस्टिमेटशी ताडून पाहा. एस्टिमेट माहिती अधिकारात मिळतं. लोकार्पणाच्या दिवशी फीत, हार, नारळ काय आणायचं ते आणू द्या. तुम्ही पाण्याची एक बादली घेऊन जा आणि साहेबांसमोर गट्टूंवर ओता. पाणी दिसेनासं झालं तर टाळ्या वाजवा. साहेबांच्या बुटाकडे धावलं, तर बिल तिथेच अडवा.