सत्कारमूर्ती शिसे

आमच्या नगरातल्या सत्कार समितीने आजवर नगरसेवकांचे, नगरसेवकांच्या चिरंजीवांचे आणि एकदा तर बदली झाल्याच्या आनंदात तहसीलदारांचाही सत्कार केलेला आहे. (आनंद नेमका कोणाला झाला होता, हे मानपत्रात मोघम ठेवलं होतं.) यंदा सत्काराला माणूसच उरला नाही, तेव्हा समिती धातूंकडे वळली. सोन्याचा भाव ऐकून खजिनदारांनी पाणी मागितलं. तांबं आधीच घरोघरच्या बाटल्यांत जाऊन बसलंय, त्याला आणखी डोक्यावर कशाला घ्यायचं? शेवटी एकमताने शिशाचं नाव ठरलं. स्वयंपाकघरापासून देवघरापर्यंत इतकी वर्षं वावरून ज्याने कधी साधा वासही येऊ दिला नाही, असा दुसरा कोण आहे? मानपत्र लिहायचं माझ्याकडे आलं, कारण समितीत फुकट लिहिणारा मी एकटाच.

परिचयाचा भाग सोपा होता. सत्कारमूर्ती स्वभावाने मऊ, चवीला गोड. गोड हे मी आदरापोटी म्हणत नाही. शिशाचा एक क्षार खरोखरच साखरेसारखा लागतो, आणि रोमन लोक द्राक्षाचा रस शिशाच्या भांड्यांत आटवून तो गोडवा दारूत घालत. पुढे 1924 साली अमेरिकेत टॉमस मिजली या गृहस्थांनी पेट्रोलमध्ये घालायच्या शिशाच्या रसायनाने पत्रकारांसमोर हात धुऊन दाखवले, वर बाटली नाकाशी धरून हुंगून दाखवली. आदल्याच वर्षी याच शिशाने आजारी पडून ते विश्रांतीला गेले होते, हा भाग प्रात्यक्षिकात नव्हता. पेट्रोलमधून सत्कारमूर्तींना निवृत्त करायला आपल्या देशाला 2000 साल उजाडलं; अल्जीरियाने 2021 सालापर्यंत त्यांना सेवेत ठेवलं. सेवाज्येष्ठतेचा एवढा मान तर आमच्या जिल्हा परिषदेतही कोणाला मिळालेला नाही.

‘‘पण सध्या ते काय करतात?’’ अध्यक्षांनी विचारलं. सत्कारमूर्ती हयात आणि कार्यरत असल्याशिवाय आमच्याकडे शाल निघत नाही.

उत्तर द्यायला मसाल्याचे घाऊक व्यापारी उठले. या माणसाबद्दल मला आदर आहे, कारण धंद्यातलं गुपित इतक्या निरागसपणे सांगणारा व्यापारी मी दुसरा पाहिला नाही. ‘‘साहेब,’’ ते म्हणाले, ‘‘गिऱ्हाईक हळद खातं नंतर, आधी बघतं. शिजवून, वाळवून, पिंपात फिरवून काढलेलं साधं हळकुंड समोर ठेवा. वरून मातकट, मधे पिवळं. गिऱ्हाईक म्हणतं, जुना माल दिसतोय. तेच पिवळंधमक करून ठेवा, दोन रुपये जास्त देऊन घेतं आणि वर शेजारणीलाही पाठवतं.’’

हे पिवळंधमक करणारं द्रव्य म्हणजे लेड क्रोमेट. शिसं आणि क्रोमियमचा हा संयुक्त संसार रस्त्यावरच्या पट्ट्यांना आणि यंत्रांच्या रंगाला वर्षानुवर्षं पिवळेपणा देत आला आहे. ऊन लागो, पाऊस लागो, विटत नाही. हळदीचा स्वतःचा पिवळा रंग कर्क्युमिनचा. तो उन्हात उडतो, कपड्यावर मात्र बसतो, एकूण बेभरवशाचा. वायगाव, सांगली, वसमत इथल्या हळदीला भौगोलिक मानांकन मिळालंय, पण मानांकनाचा शिक्का काही डोळ्यांत भरत नाही. डोळ्यांत रंग भरतो. म्हणजे शिसं हळदीत व्यापाऱ्याने घातलं असेल, पण मागवलं कोणी, याचा शोध घेत गेलं तर पिशवी घेऊन उभ्या असलेल्या आपल्याच दारात येऊन पोचावं लागतं. हे वाक्य मी मानपत्रात घेतलं नाही. देणगीदारांची यादी तीच आहे.

सत्कारमूर्तींच्या कार्यक्षेत्राविषयी मात्र अभिमानाने लिहिता येईल. 2024 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात भारत, पाकिस्तान, श्रीलंका आणि नेपाळ मिळून 23 शहरांतली हळद तपासली. पाटणा, कराची आणि पेशावर इथे दशलक्ष भागांत हजाराहून जास्त भाग शिसं निघालं. आपल्या अन्नसुरक्षेच्या नियमात हळदीला मुभा आहे दशलक्ष भागांत 10 भागांची. ‘‘फाळणीलाही ज्याचे दोन तुकडे करता आले नाहीत,’’ असं वाक्य अध्यक्षांनी तिथल्या तिथे सुचवलं आणि ते फारच छान असल्याने मी ठेवून दिलं. सर्वांत जास्त शिसं पॉलिश केलेल्या हळकुंडांत आणि सुट्या पुडीत होतं, नावाच्या बंद पाकिटात सर्वांत कमी. म्हणजे ‘पाकिटातलं काही खरं नसतं, मी समोर दळून आणते’ असं अभिमानाने सांगणाऱ्या वहिनींनी समोर काय दळलं, तेही एकदा बघायला हवं. बाहेर चकाकणारं हळकुंड मोडून आत आणि बाहेरचा पिवळा सारखाच आहे का, इतकं तरी.

इथे मला नूडल्स आठवल्या. 2015 साली उत्तर प्रदेशातल्या एका पाकिटात दशलक्ष भागांत 17.2 भाग शिसं सापडल्याचा अहवाल आला. मर्यादा 2.5 ची. मग देशभर बंदी, वाहिन्यांवर रात्रंदिवस चर्चा. प्रयोगशाळा योग्य मान्यतेच्या नव्हत्या आणि कंपनीला बाजू मांडू दिली नाही म्हणून त्याच ऑगस्टमध्ये मुंबई उच्च न्यायालयाने बंदी रद्द केली. सतराने देश हादरला होता. हजाराच्या बातमीला आमच्या समितीत चहा थांबला नाही. एक तर हळद आपली, दुसरं म्हणजे तिच्या जाहिरातीत कोणी नट नाही.

मग कोणीतरी बांगलादेशाचा विषय काढला आणि बैठकीचा मूडच गेला. तिथे 1980 च्या दशकात पुराने भिजून काळवंडलेली हळद खपवायला हा रंग आला आणि राहिला. 2019 मध्ये सरकारने बाजारात जागेवर धातू मोजणारं यंत्र नेलं, घाऊक व्यापाऱ्यांना दंड केला, वर्तमानपत्रांत छापून आणलं. त्या वर्षी बाजारातल्या 47 टक्के नमुन्यांत शिसं होतं. 2021 मध्ये शून्य. ‘‘दोन वर्षांत?’’ खजिनदार अविश्वासाने म्हणाले. ‘‘आपल्या नाट्यगृहाच्या गळतीची चौकशी समिती नेमायला चार लागली.’’ हा उल्लेख सत्कारमूर्तींच्या भावना दुखावणारा असल्याने वगळावा, असं ठरलं.

आता तात्यांविषयी. तात्या आमच्या समितीचे आरोग्यप्रमुख. शरीरातले जड धातू बाहेर काढण्याबाबत त्यांचा अभ्यास दांडगा आहे, आणि तो ते रोज पहाटे पाच वाजता सर्वांना पाठवतात. रात्री तळव्यांना चिकटवायच्या पट्ट्या त्यांनी मागवल्या आहेत. सकाळी त्या काळ्या होतात, म्हणजे धातू उतरला. डॉक्टरबाई एकदा म्हणाल्या, की त्या पट्टीवर नुसतं पाणी शिंपडलं तरी ती काळी होते. तात्यांनी शांतपणे सांगितलं, मग पाण्यातही धातू असणार. यावर वैद्यकशास्त्राकडे उत्तर नाही.

हेच तात्या दिवाळीआधी आपल्या वडिलोपार्जित वाड्याच्या खिडक्या पॉलिश पेपरने खसाखसा घासतात. कोरड्या. ऑइलपेंटचे चार पिढ्यांचे थर, हिरवा, मग निळा, मग तो सरकारी चॉकलेटी, आणि खाली अंगणात नातू खेळतोय, तोंडात बोट. घरगुती रंगात शिसं दशलक्ष भागांत 90 च्या वर नको, हा आपला नियम 2016 साली आला आणि 2017 च्या नोव्हेंबरात लागू झाला. त्याआधीचे रंग वाड्यावर जसेच्या तसे बसलेत. बसलेले असतात तोवर फारसा त्रास देत नाहीत. तात्यांच्या हातात पॉलिश पेपर आला, की ते रंग हवेत उडतात, ओटीवर उतरतात आणि बोटाबरोबर आत जातात. मोठ्या माणसाच्या पोटात गेलेल्या शिशातलं दहाएक टक्के अंगी लागतं, लहान मुलाच्या जवळपास निम्मं. लहान मुलांना खाल्लेलं अंगी लागत नाही ही आपल्या आयांची जुनी तक्रार सत्कारमूर्तींनी अशी दूर केली आहे.

महिला मंडळाच्या अध्यक्षांनी शेंदराचा उल्लेख मानपत्रात ठळक यावा असा आग्रह धरला. बरोबरच आहे, पारंपरिक शेंदूर हा शिशाचाच लाल अवतार. अमेरिकेतल्या रटगर्स विद्यापीठाने 2017 साली न्यू जर्सीतल्या आणि आपल्याकडच्या, मुंबई-दिल्लीतल्या, सिंदुराच्या 118 पुड्या तपासल्या. तिकडच्या 83 टक्क्यांत आणि इकडच्या 78 टक्क्यांत शिसं होतं. म्हणजे सातासमुद्रापार जाऊनही आपण संस्कृती पाच टक्क्यांनी वाढवलीच. लेकीच्या बॅगेत इथून जाणाऱ्या हिंडालियमच्या कढईबद्दलही तिकडच्या अन्न-औषध प्रशासनाने 2025 साली इशारा दिला, की अशा काही भांड्यांतून अन्नात शिसं उतरतं. वहिनी म्हणाल्या, ‘‘आम्ही पंचवीस वर्षं त्याच कढईत केलं, आम्हाला काय झालं?’’ कोणीच उत्तर दिलं नाही. अध्यक्ष त्या वेळी तिसऱ्यांदा आपला चष्मा शोधत होते.

काय होतं, हे डॉक्टरबाईंनी सांगायचा प्रयत्न केला. मोठ्यांचा रक्तदाब वाढतो. मुलांचं लक्ष लागत नाही, बुद्ध्यांक घसरतो, पण थोडा थोडा, ताप नाही की पुरळ नाही. युनिसेफच्या 2020 च्या अहवालानुसार जगात दर तीन मुलांमागे एकाच्या, म्हणजे सुमारे 80 कोटी मुलांच्या रक्तात, काळजी करावी इतकं शिसं आहे. शिशाचं सुरक्षित असं कुठलंच प्रमाण माहीत नाही, असं जागतिक आरोग्य संघटना म्हणते. मूल चंचल आहे, गणितात कच्चं आहे, एवढंच आपल्याला कळतं, आणि आपण शिकवणी लावतो. हे ऐकताच कार्यवाहांनी नगरातल्या दोन मोठ्या क्लासवाल्यांना प्रायोजकत्वासाठी फोन लावले. एकाने लगेच होकार दिला.

उपाय काय, असं विचारल्यावर डॉक्टरबाईंनी जे सांगितलं ते इतकं नीरस होतं, की इतिवृत्तात घेताना मलाच लाज वाटली. केरसुणीने धूळ उडवण्याऐवजी ओल्या फडक्याने पुसायचं. जेवायच्या आधी मुलांचे हात धुवायचे. उपाशीपोटी शिसं जास्त शोषलं जातं, म्हणून शाळेत जाताना काहीतरी खाऊन जायचं. नाचणी, पालेभाजी, दूध, कारण लोह आणि कॅल्शियम कमी असलं की शरीर त्यांच्या जागी शिशाला बसवून घेतं. बॅटऱ्या फोडणाऱ्या, वितळवणाऱ्या माणसाने कामाचे कपडे घरच्या कपड्यांत मिसळू नयेत. कल्हईवाल्याला कथील शुद्ध आहे ना, विचारावं. शंका असेल तर रक्त तपासावं. शरीरातून शिसं काढायची औषधं आहेत, पण ती प्रमाण फार वाढल्यावर, डॉक्टरच्या हातून. तळव्याला चिकटवून नाही. जड धातूंचा विषय निघालाच होता, म्हणून कोणीतरी मासळीतल्या पाऱ्याचं विचारलं. पारा मोठ्या शिकारी माशांत साठतो, त्यामुळे मोरीपेक्षा तारली, मांदेली बरी, असं उत्तर मिळालं. स्वस्त मासा चांगला निघाल्याने खजिनदार क्षणभर खूश झाले.

पण ओल्या फडक्याला प्रायोजक कुठून आणायचा? फडकं दाखवून उद्घाटन होत नाही. तात्यांनी मत मांडलं, की इतके सोपे उपाय असतील तर रोग फारसा गंभीर नसणार. सभेने मान डोलावली.

शेवटचा विषय निवासव्यवस्थेचा. पाहुण्यांना विश्रामगृहात ठेवायचं की नव्या लॉजवर, यावर खजिनदार हिशेब मांडून बसले होते. डॉक्टरबाई निघता निघता दारात थांबल्या. म्हणाल्या, त्याची चिंता करू नका, रक्तात ते महिनाभर राहतात आणि मग हाडांत मुक्काम हलवतात. तिथे दहा, वीस, तीस वर्षंही राहतात. बाई गरोदर राहिली, की हाडातल्या कॅल्शियमबरोबर बाहेर पडून पोटातल्या बाळाकडेही जाऊन येतात.

‘‘म्हणजे खोलीभाडं नाही?’’ खजिनदारांनी खात्री करून घेतली.

‘‘नाही.’’

त्यांनी लॉजची रक्कम खोडून ती हारांकडे वळवली. झेंडू घ्यायचा ठरला. जरा पिवळाधमक बघून.