चावी आपली, कुलूप कंपनीचं

गाडीचे हप्ते आपण भरायचे. रोड टॅक्स आपण भरायचा, विमा आपण उतरवायचा, खड्ड्यांत कंबरही आपलीच मोडून घ्यायची. पण गाडी बिघडली की ती कुणी उघडायची, हे मात्र कंपनी ठरवणार. ‘बाहेर हात लावलात तर वॉरंटी गेली समजा’, ही धमकी सर्व्हिस सेंटरच्या काउंटरवरून इतक्या सवयीने दिली जाते की ऐकणाऱ्याला तो कायदाच वाटतो.

तो कायदा नाही. उलट २५ ऑगस्ट २०१४ रोजी भारतीय स्पर्धा आयोगाने १४ मोटार कंपन्यांना मिळून सुमारे २,५४४ कोटी रुपयांचा दंड ठोठावला. सुटे भाग आणि दुरुस्तीची साधनं बाहेरच्या गॅरेजवाल्यांच्या हाती लागू नयेत, अशी चोख व्यवस्था या कंपन्यांनी करून ठेवली होती. ग्राहकाने बाहेर काम करून घेतलं एवढ्यावरून सरसकट वॉरंटी रद्द करता येणार नाही, बाहेरच्या चुकीच्या कामाने जेवढं नुकसान झालं तेवढ्यापुरतीच ती नाकारता येईल, असंही आयोगाने आदेशात लिहिलं. कंपन्या अपिलात गेल्या, हायकोर्टात गेल्या. दहा वर्षं उलटून गेली. काउंटरवरची धमकी जागची हललेली नाही.

या धमकीच्या जोरावर काय चालतं ते बघा. पावसाळा संपता संपता माझ्या गाडीतून आवाज यायला लागला. स्पीडब्रेकरवरून उतरताना पुढे डावीकडून टक-टक. सर्व्हिस सेंटरमध्ये लगेच निदान झालं: दोन्ही शॉकअप बदला, दोन्ही लोअर आर्म बदला, अलाइनमेंटचे वेगळे. गाडी रॅम्पवर चढवलीसुद्धा नव्हती. तीच गाडी आमच्या गल्लीतल्या मेकॅनिककाकांकडे नेली. त्यांनी जॅक लावला, चाक काढलं आणि मला खाली वाकून बघायला लावलं. “साहेब, शॉकअप गेला असता तर तेल गळलं असतं. हा कोरडा ठाक आहे.” मग लिंक रॉड मुठीत धरून हलवला. तीच टक-टक. रॉडच्या टोकाचा बॉल जॉइंट खिळखिळा झाला होता. बोल्टच्या टोकाला ॲलन की अडकवून त्यांनी तो जागच्या जागी धरला, पान्याने नट सोडवला, नवा रॉड बसवला. चहा येईपर्यंत काम आटोपलं आणि जुना रॉड माझ्या हातात आला. सांगितलेल्या खर्चापुढे हे पैसे नगण्य होते.

हे कसब आपल्या शहरांत गल्लोगल्ली आहे. पण आता त्याच काकांसमोर इलेक्ट्रॉनिक पार्किंग ब्रेकची गाडी उभी करा. मागचे ब्रेक पॅड बदलायचे तर आधी कॅलिपरमधली मोटर मागे घ्यावी लागते, आणि बहुतेक गाड्यांत तो हुकूम स्कॅनरमधूनच द्यावा लागतो. नेहमीसारखा क्लॅम्प लावून पिस्टन दाबला तर आतली यंत्रणा मोडण्याची भीती. कित्येक डिझेल गाड्यांत नवा इंजेक्टर बसवल्यावर त्याच्या अंगावरचा कोड ईसीयूला, म्हणजे इंजिनच्या संगणकाला, कळवावा लागतो. चावी हरवली तर नवी चावी इमोबिलायझरशी जुळवावी लागते. ही कामं काकांच्या हाताबाहेरची नाहीत, अडतं ते सॉफ्टवेअरपाशी. स्टीअरिंगखाली १६ पिनांचं ओबीडी सॉकेट असतं. त्यात स्वस्तातला स्कॅनर खोचला तर ‘पी०३००’, म्हणजे सिलिंडर मिसफायर होताहेत, एवढं कळतं. त्याच्या पलीकडची बरीचशी दारं कंपनीच्या लॉगिनने बंद केलेली आहेत.

यावर लगेच कुणीतरी जुन्या फियाटचं कौतुक सुरू करतं. कुर्ल्याच्या कारखान्यातून निघालेल्या प्रीमियर पद्मिनीचा कार्ब्युरेटर टॅक्सीवाले रस्त्याच्या कडेला उघडून साफ करायचे, हे खरंच आहे. मला कार्ब्युरेटर परत नकोय. एबीएस हवं, एअरबॅग हव्यात, बीएस-६ इंजिन हवं. फक्त ज्याने गाडी विकत घेतली त्याच्यापासून तिची माहिती लपवू नका.

आता बिलाकडे वळू. इंजिन फ्लश, इंजेक्टर क्लीनिंग, एसी डिसइन्फेक्शन, अंडरबॉडी कोटिंग, उंदरांसाठी स्प्रे. डॅशबोर्डच्या कप्प्यातलं मॅन्युअल बाहेर काढा आणि त्यातला देखभालीचा तक्ता उघडा. यातलं किती त्यात छापलंय ते बोट ठेवून शोधा. जे छापलेलं नाही, ते जॉब कार्डवर सही करण्याआधी खोडायला लावा. सर्व्हिस ॲडव्हायजर नाराज होईल, होऊ द्या. त्याच्यावर टार्गेट लादणारे वरचे साहेब आहेत, ते बिचाऱ्याचं दुखणं. पण त्या टार्गेटचे पैसे आपण का मोजायचे?

आणि जे तक्त्यात असतं, त्याचा या बिलात अनेकदा पत्ताच नसतो. ब्रेक फ्लुइडचंच बघा. हे द्रव हवेतलं पाणी शोषून घेतं. डॉट-४ दर्जाचं ताजं फ्लुइड किमान २३० अंशांपर्यंत उकळत नाही. पाणी मुरलं की हीच मर्यादा १५५ अंशांपर्यंत उतरते. चार माणसं आणि भरलेली डिकी घेऊन आंबोली घाट उतरताना ब्रेक तापतात. फ्लुइड उकळलं तर त्यात वाफेचे बुडबुडे होतात, वाफ दाबली जाते आणि पेडल पायाखालून खाली जातं. साधारण दोन वर्षांनी ते बदलायचं असतं. खर्च किरकोळ आहे, म्हणूनच की काय, ते कुणी आपणहून सुचवत नाही. सुगंधी एसीसाठी मात्र आग्रह होतो. याची मला मनापासून चीड येते, कारण इथे प्रश्न जिवाचा आहे.

गल्लीतल्या गॅरेजवाल्यांनाही ऐकवायचंय. टॉर्क रेंच न वापरता चाकाचे नट अंदाजाने आवळणं बंद करा. जुनं इंजिन ऑइल गटारात ओतू नका. पुण्याच्या नाना पेठेतल्या पार्टबाजारातून आणलेला पार्ट ओरिजिनल नसेल तर तसं तोंडावर सांगा, गिऱ्हाईक ठरवेल. बिल द्या, त्यावर पार्टचा नंबर लिहा. कंपन्यांविरुद्धच्या भांडणात आमच्या हातात तेवढाच एक कागद असतो.

हे भांडण जिंकता येतं. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्सच्या मतदारांनी २०१२ मध्ये थेट मतदान करून मोटार दुरुस्तीचा हक्क मागितला. तिथे कायदा झाला, आणि २०१४ च्या सुरुवातीला कंपन्यांनी तीच व्यवस्था देशभर लागू करण्याचा करार केला. स्वतंत्र गॅरेजवाला ठरलेली फी भरतो आणि कंपनीचीच दुरुस्तीची माहिती वापरतो. मग गाड्या बिनतारी माहिती धाडू लागल्या, तर २०२० मध्ये मॅसॅच्युसेट्सच्या लोकांनी पुन्हा मतदान करून तीही मागितली. आपल्याकडे केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने जुलै २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली, त्यात मोटारींचा समावेश केला आणि त्याच डिसेंबरात पोर्टलही काढलं. पोर्टलवर कंपन्यांनी आपणहून माहिती टाकायची आहे. आपणहून कुणी दार उघडत नसतं, त्याला कायद्याचा रट्टाच लागतो.

आणि तो आत्ताच लागायला हवा, कारण इलेक्ट्रिक गाड्यांची संख्या वाढते आहे. त्यांच्या नारिंगी केबलमध्ये शेकडो व्होल्टचा दाब असतो. तिथे अंदाजाने हात घालणारा माणूस जिवाला मुकेल. अधिकृत सेंटरबाहेर त्यांना कुणालाच हात लावू द्यायचा नाही, यासाठी हीच भीती पुढे केली जाईल. त्यावर उत्तर आहे प्रशिक्षण. औंधच्या आयटीआयमधून मोटर मेकॅनिक होऊन बाहेर पडणाऱ्या पोराला कंपनीच्या स्कॅनरवर आणि हाय-व्होल्टेज बॅटरीवर हात बसवून द्या, परीक्षा घ्या, प्रमाणपत्र द्या. आणि सर्व्हिस सेंटरच्या मेकॅनिकला जे लॉगिन मिळतं तेच लॉगिन, जाहीर केलेल्या दरात, त्यालाही विकत घेऊ द्या.