मिरचीला ऊब

किन्हवलीत थंडी येते ती शहरातल्या मामेभावासारखी. उशिरा येते, चार दिवस राहते आणि गेल्यावर महिनाभर तिचंच कौतुक चालतं. कापलेल्या भाताच्या खाचरात उरल्यासुरल्या ओलीवर वाल उभा असतो, अंगणात शेकोटी धुमसते आणि कानाला मफलर बांधलेली माणसं ‘यंदा गारठा भारी’ म्हणत एकमेकांना धीर देतात. थंडीच्या एवढ्याशा भांडवलावर मी धाकट्या भावाला गार मुलखात मिरची कशी रुजवावी याचा सल्ला देत होतो. धाकटा असतो ॲबरडीनला, स्कॉटलंडच्या ईशान्य किनाऱ्यावर, ५७ अंश अक्षांशावर. तिकडे ऐन जुलैत दुपारचा पारा सतरा-अठराला टेकला की लोक सदरे काढून हिरवळीवर पडतात.

त्याला मिरची हवी होती ती भज्यांची, पीठ भरायची, न झोंबणारी. बी घरून पाठव म्हणाला. चौकशी केली तर रोपांच्या आरोग्याचा सरकारी दाखला असल्याशिवाय ब्रिटनमध्ये साधी मिरचीची बीसुद्धा पाठवता येत नाही. “बियांनापण पासपोर्ट?” आई म्हणाली. मला मात्र गंमत वाटली ती वेगळीच. मिरची मुळात अमेरिका खंडातली. सोळाव्या शतकात पोर्तुगिजांच्या गलबतातून ती आपल्या किनाऱ्याला उतरली, तेव्हा तिला कुणी दाखला विचारला नाही. आपण तर तिला आपल्या मिऱ्याचं नाव देऊन घरातलीच करून टाकली. १५३४ ते १७३९ अशी दोनशेपाच वर्षं शेजारच्या वसईत राहून पोर्तुगीज गेले, मिरची राहिली. शेवटी धाकट्याने तिथल्याच दुकानातून ‘हंगेरियन हॉट वॅक्स’ नावाचं पाकीट आणलं. फोटोतली मिरची लांबट, पिवळट पोपटी, आपल्या भावनगरीची मावसबहीण शोभेल अशी. नावात ‘हॉट’ आहे, पण ते तिथल्या जिभेच्या हिशेबाने.

मिरचीचं बी रुसकं. मातीत पंचवीस-तीस अंशांची ऊब असली तर आठ-दहा दिवसांत डोकं वर काढतं. गारठ्यात तीन-तीन आठवडे पडून राहतं, कधी कुजूनही जातं. थंडीत बी घालायची वेळ आली तर आई ते ओल्या फडक्यात बांधून करवंटीत ठेवायची आणि करवंटी चुलीच्या ओट्याशी, हाताला गरम लागेल पण भाजणार नाही अशा बेताने. धाकट्याच्या घरी चूल कुठली? त्याने घरभर हात फिरवून उबेची जागा शोधली. ती सापडली इंटरनेटच्या राउटरवर. त्या काळ्या डबीवर त्याने बियांची वाटी ठेवली. रोज आम्ही फोनवर बोलायचो ते त्याच डबीतून. म्हणजे आमच्या गप्पांवरच बी रुजत होतं म्हणा ना. सतराव्या दिवशी पहिला मोड आला. आईने कालनिर्णयवर त्या तारखेला पेनाने गोल केला.

पुढे ती रोज विचारायची, “पानं किती झाली?” कळी धरल्यावर तर तिचा आवाज डोहाळेजेवणाच्या बाईसारखा मऊ झाला. पाणी बेताने घाल, हे त्याला सांगावं लागलं नाही. ज्या तालुक्यातल्या तानसा-भातसाचं पाणी मुंबई पिते आणि ज्याच्या पाड्यांवर उन्हाळ्यात टँकर येतो, तिथल्या पोराला पाण्याचा थेंब मोजता येतो. प्रश्न होता उन्हाचा. डिसेंबरात तिथे दिवस जेमतेम पावणेसात तासांचा आणि जूनमध्ये सूर्य रात्री दहापर्यंत मावळायचं नाव घेत नाही. धाकटा कुंडी घेऊन या खिडकीतून त्या खिडकीत उन्हामागे फिरायचा. फुलं आली तेव्हा बंद खिडकीत मधमाशी येणार कशी, म्हणून बायकोचा रंगाचा ब्रश घेऊन तो फुलाफुलावर बसू लागला. वास्तविक मिरचीच्या एकाच फुलात नर-मादी दोन्ही असतात, टिचकी मारली तरी भागतं. पण ऑफिसच्या कोटात, श्वास रोखून ब्रश फिरवणारा तो मी व्हिडिओवर पाहिला आणि टिचकीचं बोललोच नाही.

मिरचीला तहानेचा आणि उन्हाचा ताण बसला की ती तिखट होते, असं जुने शेतकरी सांगतात. धाकट्याच्या मिरचीला कसलाच ताण नव्हता. ताण सगळा त्याला होता.

तिखट त्याला लहानपणापासून सोसत नाही. घरात पोपटी मिरच्यांची भाजी झाली की आई त्याच्यापुरत्या मिरच्या उभ्या चिरून आतली पांढरी शीर काढायची. खरा तिखटपणा त्या शिरेत असतो, बी उगाच बदनाम, हे तिला कुठल्या पुस्तकाने सांगितलं नव्हतं. तरी भरवसा नाही म्हणून प्रत्येक मिरचीचं टोक आधी स्वतः चावून बघायची. त्यामुळे त्याच्या ताटातली एकही मिरची कधी अख्खी नसायची. मी तीन वर्षांनी मोठा. माझ्या मिरच्यांना टोकं असायची आणि त्यांचं तिखटही माझं मलाच सोसावं लागायचं.

ऑगस्टमध्ये आठ महिन्यांची ती मेहनत एकदाची तव्यावर पडली. मिरच्या झाल्या तीन. बेसन, ओवा, थोडं खोबरं भरून त्याने त्या परतल्या आणि ताटली कॅमेऱ्यासमोर धरली. इकडे बाहेर पाऊस आणि ओटीवर आई, फोन नाकाला लागेल इतका जवळ. त्याने एक मिरची देठाने उचलली, तोंडाशी नेली.

“थांब!” आई एकदम म्हणाली आणि तिचा हात फोनकडे गेला.

आणि तो थांबला. चाळिशी ओलांडलेला माणूस, मिरची ओठांपासून दोन बोटांवर धरून, निमूट बसून राहिला.