सरांना 'मिस' म्हणणारं मशीन

पी.टी.च्या मास्तरांशी संसार केलेल्या बाईला दोन गोष्टी आयुष्यभर पुरतात: ठणठणीत तब्येत आणि शिट्टीचा तिटकारा. आमचे हे नाशिकच्या एका मराठी शाळेतून निवृत्त झाले, पण शिट्टी काही निवृत्त झाली नाही. ती स्वयंपाकघराच्या दारामागे किल्ल्यांच्या खुंटीला लटकते. कुकरची शिट्टी झाली की हे दिवाणखान्यातून ओरडतात, "फाउल!" भाजीवाल्याने गल्लीत गाडी तिरकी लावली तर हे गॅलरीतून त्याला 'दहिने मूड' सांगतात. गंमत म्हणजे तो वळतो. बहुधा यांचाच विद्यार्थी असावा.

यांचं दुःख एकच. नोकरीभर वेळापत्रकात तास यांचा असायचा आणि वर्गात गणिताच्या बाई. सहामाही जवळ आली की बाई गोड आवाजात विचारायच्या, "सर, तेवढा तुमचा तास देता का? पोर्शन राहिलाय." पी.टी.चा पोर्शन कधी राहत नाही, असा अख्ख्या महाराष्ट्राचा समज आहे. गणिताचा तास कुणी पी.टी.ला दिल्याचं एक तरी उदाहरण यांनी खूप शोधलं. अजून शोधताहेत.

अशा माणसाच्या घरात गेल्या पावसाळ्यात नातीने बातमी आणली, की आज पी.टी. वर्गातच झाली. मैदानात चिखल होता, म्हणून टीचरने स्मार्ट बोर्डवर नाचाचा गेम लावला आणि त्यातली बाई करेल तसं सगळ्यांनी बाकांच्या मधल्या जागेत करायचं.

"कोण बाई?" यांनी विचारलं.

"पडद्यातली."

"तिचं बी.पी.एड. झालंय का?"

चिरंजीव जेवता जेवता मोबाइलवरून माहिती पुरवायला लागले. १९९८ साली जपानच्या कोनामी कंपनीने 'डान्स डान्स रेव्होल्यूशन' नावाचं यंत्र काढलं. पायाखाली चार बाण: पुढे, मागे, डावीकडे, उजवीकडे. समोर पडद्यावर गाण्याच्या ठेक्यात बाण वर सरकत येतात. बाण ठरलेल्या जागी पोचला की त्याच क्षणी त्या बाणावर पाय द्यायचा. आधी दिला तरी चूक, नंतर दिला तरी चूक. यंत्र निघालं ते मॉलमध्ये पोरांनी पैसे उडवावेत म्हणून. पण पोरं घामाघूम होऊन बाहेर येतात हे शाळावाल्यांच्या लक्षात आलं. २००६ साली अमेरिकेतल्या वेस्ट व्हर्जिनिया राज्याने हा खेळ आपल्या सगळ्या, म्हणजे ७६५ सरकारी शाळांमध्ये न्यायचं जाहीर केलं. पोरांचा लठ्ठपणा ही त्या राज्याची मोठी डोकेदुखी. कामाला विद्यापीठ लागलं, आरोग्य विम्याची कंपनी लागली. नॉर्वेने तर यंत्रावरच्या नाचाची खेळ म्हणून रीतसर नोंदच केली.

"तिकडे बाहेर बर्फ असतो," हे म्हणाले. "म्हणून घरात नाचतात. आपल्याकडे मैदानं आहेत."

"कुठे आहेत, बाबा?"

यांनी बोटं मोजायला हात वर केला. पहिलं बोट अडखळत मिटलं. दुसऱ्याला म्हणाले, "तिथे आता पार्किंग आहे." तिसरं बोट तसंच उभं राहिलं आणि मी त्यांना ताक वाढलं.

नात यांच्यावर गेली आहे, ती वाद सोडत नाही. हे म्हणाले, "आपल्या जिल्ह्यातली सावरपाड्याची कविता राऊत २०१०च्या दिल्लीतल्या राष्ट्रकुल स्पर्धेत दहा हजार मीटरला पदक घेऊन आली. ती काय पडदा बघून पळायला शिकली?" नात म्हणाली, "आणि विदित गुजराथी? तो पण नाशिकचाच. तो तर बसून खेळतो. आणि २०२४ला टीमबरोबर चेस ऑलिंपियाडचं गोल्ड आणलं." यांनी 'ते वेगळं' असं म्हणून विषय बदलला. 'ते वेगळं' हे आमच्या घरातलं शस्त्रसंधीचं वाक्य आहे.

पण खरा स्फोट झाला तो नातीने मैत्रिणीकडचा पराक्रम सांगितला तेव्हा. त्या मैत्रिणीकडे 'जस्ट डान्स' आहे, २००९ साली निघाला तो गेम. त्यात पायाखाली काही नसतं. उजव्या हातात रिमोट धरायचा आणि पडद्यातल्या माणसासारखं नाचायचं. यंत्राला कळतो फक्त तो हात. हे ज्ञान जगभरच्या पोरांना व्हायला वेळ लागला नाही. नातीने सोफ्यावर मांडी घालून, डाव्या हाताने चिवडा खात, उजवा हात नुसता हलवून दाखवला आणि सांगितलं की नाचणाऱ्या मैत्रिणीपेक्षा तिचेच गुण जास्त आले. हे उभे राहिले. आवाज कापत होता. "म्हणजे हजेरी हाताची आणि पाय गैरहजर?" नोकरीत यांनी एकाच्या नावावर दुसऱ्याने 'हजर' म्हटलेलं पुष्कळ पकडलं होतं. एकाच पोराच्या हाताने पायाची हजेरी लावलेली त्यांनी पहिल्यांदाच ऐकली.

मग माझ्या लेकीने पुण्याहून भाचीच्या वाढदिवसाला चटईच पाठवली. खरी, बाणांची, टीव्हीला जोडायची. "हिच्यात पाय लागतात," असं तिने मुद्दाम बाबांना फोन करून सांगितलं. चटई पहिल्याच उडीला फरशीवरून घसरली आणि नातीसकट टीपॉयखाली गेली. यांच्यातला मास्तर जागा झाला. कुठूनशी चिकटपट्टी आणून चारी बाजू त्यांनी अशा काटकोनात बसवल्या की कबड्डीचा पंच खूश व्हावा. खालच्या मजल्यावरच्या काकू वर येऊन अगदी नम्रपणे विचारून गेल्या, "वहिनी, पोहे कांडताय का? थोडे आम्हालाही द्या."

यांना चटईवर चढवायला फार आग्रह लागला नाही. नाशिककराला उडी मार म्हणावं लागत नाही. रंगपंचमीला पेशवाईतल्या रहाडींच्या, म्हणजे जमिनीतल्या हौदांच्या, रंगात धप्पा मारणारी माणसं ही. हे धोतर नेसत नाहीत, ट्रॅक पँट नेसतात, तेव्हा तीही अडचण नव्हती. गाणं सुरू झालं. यांनी दणादण पाय मारले. पडद्यावर अक्षरं उमटली: मिस. मिस. मिस.

"मिस काय म्हणतंय? मी सर आहे."

नात हसून हसून आडवी झाली. मीही हसले, नाही कशाला म्हणू. पण हे उतरले नाहीत. गाणं पुन्हा लावायला सांगितलं, डोळे मिटून ऐकलं, आणि निकाल दिला, "माझा पाय बरोबर आहे. मशीन मागे आहे."

हरलेला खेळाडू पंचाला दोष देतो, तशातली ही गत असं आम्हा सगळ्यांना वाटलं. चिरंजीव समजुतीच्या सुरात म्हणाले, "बाबा, तो कॉम्प्युटर आहे." हे म्हणाले, "आणि मी चाळीस ढोल एका ठेक्यात आणलेत." हा दावा नाशिकमध्ये हलक्यात घेता येत नाही. आमच्या गावाचा ढोल केरळातल्या उत्सवांतसुद्धा 'नासिक ढोल' याच नावाने वाजतो. शेवटी चिरंजीवांनी शोधलं, तर काय, नवे टीव्ही चित्र चकचकीत करण्याच्या नादात ते निमिषभर उशिरा दाखवतात. आवाज आणि बाण यांची चुकामूक होते, आणि ती दुरुस्त करायची सोय सेटिंगमध्ये असते. ती दुरुस्ती केली. हे पुन्हा चढले. आता 'परफेक्ट' मागून 'परफेक्ट'. तेव्हापासून घरात काही बिघडलं, मिक्सर असो की राउटर, हे शांतपणे म्हणतात, "मशीन मागे आहे." या माणसाबरोबर राहणं आधीच सोपं नव्हतं.

त्या रात्री यांचा सिद्धांत तयार झाला: हे सगळं लेझीमच आहे. आणि खरं सांगते, मला तो पटला. लेझीम मुळात धनुष्याच्या सरावाची कमान, दोरीच्या जागी लोखंडी साखळी असलेली. आखाड्यातली ती जड कमान शाळेत आली तेव्हा हलकी झाली, तिच्यात झांजा खुळखुळल्या. आणि ढोलाच्या ठेक्यावर चार आवाज, आठ आवाज, आगे पाव, आगे फलांग, दो रुख. ठेका आला की पाय ठरल्या जागी. बाणच की ते! फक्त पडद्यावर नव्हते, सरांच्या घशात होते. १९८२च्या दिल्लीतल्या एशियाडच्या उद्घाटनाला महाराष्ट्राची लेझीम खेळली गेली, तेव्हा यांनी शेजाऱ्यांच्या टीव्हीसमोर सावधान उभं राहून ती पाहिली होती. शेजाऱ्यांना मागचं काही दिसत नव्हतं, पण बोलणार कोण?

मात्र 'आपल्याकडे हे सगळं आधीच होतं' या गाडीत हे एकदा बसले की उतरत नाहीत. अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाचं पथक १९३६ साली बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी भारतीय व्यायाम दाखवून आलं, इथवर ठीक. पुढे गाडी पेशवाईत शिरली आणि तिथे मी त्यांना धरलं. दुसऱ्या बाजीरावाच्या दरबारात निजामाचे अली आणि गुलाब हे पहिलवान आव्हान घेऊन आले, ते बाळंभटदादा देवधरांनी स्वीकारलं, ही कथा यांच्या प्रत्येक वर्गाने ऐकली आहे. तयारीसाठी दादा आपल्या वणीच्या सप्तशृंगीला गेले, तिथे मारुतीने माकडाच्या रूपात लाकडावरच्या उड्या दाखवल्या, आणि त्यातून मल्लखांब नव्याने उभा राहिला.

"म्हणजे माकडाचं बघून बघून शिकले ना?" मी विचारलं.

"हो."

"माकडाचं बी.पी.एड. झालं होतं का?"

हे 'ते वेगळं' म्हणाले. पण आवाज बारीक होता.

माझं म्हणणं सरळ आहे. समोर पडदा असो की माकड की आमचे हे, पोराने बघावं आणि पाय हलवावेत. आमची नात अंगाने भरलेली. शाळेत खो-खोला, धावायला तिचा नंबर कधी लागत नाही. ती दप्तरं सांभाळते. प्रत्येक वर्गात अशी दप्तरं सांभाळणारी पोरं असतात. खेळाच्या तासाला ती बसतात आणि खेळणारी दहा-बारा पोरं आणखी चांगली खेळायला लागतात. चटईने तिला ढिगाने 'मिस' दिले, पण ती रडली नाही. कारण चटई ते वर्गाला ओरडून सांगत नव्हती, आणि पुढच्या गाण्याला तिला संघातून काढतही नव्हती. लेझमीतही कुणी बाद होत नाही. पाय चुकला तर पुढच्या ठेक्याला पुन्हा रांगेत. बाद न करणारे खेळ शाळेत इतके कमी का आहेत, हे मी यांना विचारलं. शिट्टीवाल्या माणसाकडे याचं उत्तर नव्हतं.

उणं एवढंच, की नातीला धाप लागली ते चटईला कळलं नाही. पुढचं गाणं सुरूच. यांना बाहेरच्या खोलीत पेपर वाचता वाचता कळलं, आणि त्यांनी आयुष्यात पहिल्यांदा योग्य वेळी शिट्टी वाजवली.

आता शाळांनी ही यंत्रं घ्यावीत का? जरा हिशेब करू. एक गाणं दीड मिनिटाचं. वर्गात साठ पोरं, चटया दोन. म्हणजे तीस जोड्या, पंचेचाळीस मिनिटं. आणि तास पस्तीसचा, त्यातली दहा मिनिटं रांग लावण्यात. वीज गेली तर सगळंच 'विश्राम'. दोघं नाचणार आणि अठ्ठावन्न बघणार, हे तर आपल्याकडे लग्नातही होतं.

यावर यांनी काढलेला तोडगा मला नोंदवावासा वाटतो. मैदानावर फक्कीने साठ चौकोन आखायचे. प्रत्येकात चार बाण. समोर एक ढोल, आणि बाण ओरडायला एक पोरगं, दर वेळी नवं. पावसात वर्गातला स्मार्ट बोर्ड आणि पडद्यातली बाई आहेच. तिला यांनी आता बिनपदवीची मान्यता दिली आहे. सरकारने २०२४ साली पहिली ते आठवीच्या मुलांसाठी 'आनंददायी शनिवार' काढला, दप्तराचं ओझं नसलेला. तेव्हा दप्तरं सांभाळायची अडचणही त्या दिवशी नाही. माळ्यावरच्या गंजलेल्या लेझमी काढून तेल द्यायला हे स्वतः यायला तयार आहेत, एक पैसा न घेता. शिट्टी मात्र बरोबर आणतील, ती अट आहे.

मुख्याध्यापकांना माझी विनंती वेगळी आहे. चटई घ्या, नका घेऊ; पण सहामाहीच्या आधी गणिताच्या बाई पी.टी.च्या तासाला वर्गाकडे निघाल्या की त्यांना स्टाफरूममध्ये बसवून चहा पाजा. साखर आमच्याकडून.