बॉडी ओन्ली साहेबांस अनावृत पत्र

मा. बॉडी ओन्ली साहेब,
मु. पो. किमतीच्या चिठ्ठीचा खालचा कोपरा

स. न. वि. वि.

पत्रास कारण की, आपण आणखी एका टोळक्याला गाठल्याची खबर लागली. चार मुलगे, दोन मुली, वीस मिनिटांच्या शॉर्टफिल्मची संहिता आणि वर्गणी काढून जमवलेले एक लाख रुपये. कॅमेऱ्याच्या किमतीचा, शेवटी ९९० असलेला आपला आकडा त्यांच्या बजेटात बसला. आकड्याखाली बारीक अक्षरांत आपलं नावही होतं, पण ते वाचायला कोणाला फुरसत? त्यात आपला स्वभाव भिडस्त. ठळक टायपात मिरवणं आपल्याला कधी जमलंच नाही.

खोकं उघडलं. आत कॅमेरा निघाला, एक बॅटरी निघाली, लेन्सच्या जागी काळं प्लास्टिकचं झाकण निघालं आणि गळ्यात अडकवायचा पट्टा निघाला. पट्ट्यावरचं कंपनीचं नाव समोरच्या फुटपाथवरून वाचता येईल एवढं मोठं. म्हणजे आपल्याकडे जाहिरातीची सोय फुकट आणि चित्रीकरणाची वेगळी.

मग यादी सुरू झाली. लेन्स. दुसरी बॅटरी, कारण पहिलीने दोन सीनांत मान टाकली. तिसरी, कारण दुसरी चार्जिंगला लावलेली. कार्ड. कार्डातलं उतरवून घ्यायला हार्डडिस्क, आणि ती पडली तर म्हणून आणखी एक. ट्रायपॉड, तोही असा की पॅन करताना मध्येच अडखळणार नाही. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला ही म्हण आमच्याकडे आपल्या आधीपासून आहे. आपण तिच्यात सुधारणा केलीत. कोंबडीच बारा आण्यांची केलीत आणि मसाल्याचा भाव गुलदस्त्यात ठेवलात.

आपलं घराणं जुनं, हे मात्र मान्य. मराठी माणसाला आपल्या पूर्वजांनी १९१२ सालीच गाठलं होतं. धुंडिराज गोविंद फाळके लंडनला गेले आणि त्यांनी पन्नास पौंडांना विल्यमसन कॅमेरा घेतला. पण फाळक्यांपुढे आपल्या पूर्वजांची डाळ शिजली नाही. कोडॅकची कच्ची फिल्म कडांना भोकं न पाडलेली येई, आणि भोकं नसतील तर कॅमेरा ती पुढे ओढणार कशी? म्हणून त्यांनी कॅमेऱ्यासोबत भोकं पाडायचं यंत्रही घेतलं. ते काम घरी सरस्वतीबाई करत. पुढे भांडवल उभं करायची वेळ आली तेव्हा फाळक्यांनी कॅमेऱ्याची फुशारकी मारली नाही. कुंडीत वाटाणा रुजून वर येताना महिनाभर टिपला, पडद्यावर तो मिनिटभरात दाखवला, आणि मग पैशांची गोष्ट काढली. सबंध साखळी आधी जुळवायची आणि मग पुढचं बोलायचं, हा धडा आमच्याच माणसाने घालून दिलेला. आम्ही मात्र त्यांच्या नावाचे पुरस्कार तेवढे लक्षात ठेवतो.

आता या टोळक्याचं पुढे काय झालं तेही ऐका. वाईजवळचं एक गाव, एप्रिल महिना, भर दुपारी अंगणातला सीन. आजी सुपात धान्य पाखडते आहे आणि मागे नात उभी. मागची भिंत धूसर हवी म्हणून लेन्स २.८ वर उघडलेली. ऊन इतकं, की पडदा पांढराफटक. आयएसओ तर आधीच शंभरवर, त्याहून खाली जायला जागा नाही. मग एकाने शटर वाढवलं, वाढवत वाढवत १/३२०० पर्यंत नेलं. पडदा ताळ्यावर आला, सगळे खूश. संध्याकाळी लॅपटॉपवर पाहिलं तर सुपातून उडालेला एकेक दाणा हवेत थिजलेला, आजीचे हात झटके खातायत, आणि एवढा शांत सीन युद्धपटातल्या चकमकीसारखा झालेला.

साहेब, आपल्याला हे ठाऊक असणारच. सेकंदाला २५ फ्रेम घ्यायच्या तर शटर १/५० ठेवायचं. मग हालचालीला थोडी पुसट कड येते आणि डोळ्याला ती नैसर्गिक वाटते. शिवाय आपल्याकडे वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे याच शटरला ट्यूबलाइटचे पट्टेही फिरत नाहीत. पण १/५० वर, आयएसओ १०० ला, भर उन्हात लेन्स पार २२ पर्यंत मिटावी लागते. तिथून २.८ वर यायचं तर प्रकाश चौसष्टपट कमी करायला हवा. त्यासाठी लेन्सवर लागते काळी काच, तिला एनडी फिल्टर म्हणतात. बॉडीवर 'लॉग', म्हणजे नंतर रंग चढवता यावेत म्हणून चित्र फिकं टिपायची सोय, लिहिलेलं पाहून या मुलांच्या तोंडाला पाणी सुटलं होतं. त्या लॉगला बऱ्याच कॅमेऱ्यांत आयएसओ ८०० च्या खाली जाताच येत नाही. म्हणजे आणखी आठपट, एकूण पाचशे बारापट. महागड्या सिनेमा कॅमेऱ्यांत ही काच आतच बसवलेली असते, नुसतं बटण दाबायचं. आपल्यासारख्या स्वस्तांकडे ती विकत आणून पुढे फिरवायची, आणि तीही लेन्सच्या तोंडाच्या मापाची. दोन लेन्सची मापं निराळी निघाली की दोन काचा, नाहीतर मोठ्या मापाची एक आणि वर जोडायला कडी.

आवाजाचं तर विचारूच नका. आपल्या पोटात एक माइक आहे, तो सगळं ऐकतो. शेजारच्या घरातला कुकर ऐकतो, लेन्सच्या फोकसची खुरखुर ऐकतो, कॅमेरा धरलेल्याने आवंढा गिळला तर तेही ऐकतो. ऐकत नाही ते फक्त दहा फुटांवर बोलणाऱ्या नटाचं. आजीचं एक वाक्य होतं, अख्ख्या फिल्मचा जीव त्यात. ते आता कुकरच्या तिसऱ्या शिट्टीखाली आहे.

या बाबतीत आपल्याला आसामातल्या छयगावची एक गोष्ट सांगतो. रीमा दास यांचा 'व्हिलेज रॉकस्टार्स' हा चित्रपट. लेखन, दिग्दर्शन, छायाचित्रण, संकलन सगळं त्यांचं एकटीचं, हातात साधा डीएसएलआर. ६५ व्या राष्ट्रीय पुरस्कारांत तो सर्वोत्कृष्ट चित्रपट ठरला आणि भारतातर्फे ऑस्करलाही गेला. आपण लगेच छाती फुगवाल, की बघा, शेवटी माझ्यावरच भागलं! पण त्याच वर्षी जागेवरच्या ध्वनिमुद्रणाचा राष्ट्रीय पुरस्कारही याच चित्रपटाला मिळाला, मल्लिका दास यांना. डीएसएलआरच्या पोटातल्या माइकला नव्हे. माणूस नव्हता, पैसा नव्हता, तरी आवाजासाठी वेगळं माणूस उभं केलं होतं. प्रेक्षक धूसर चित्र सोसतो, त्याला ती शैली वाटते. संवाद कळला नाही की तो मोबाइल काढतो.

आपल्या प्रचारखात्याचं मात्र कौतुक करावंसं वाटतं. २०२३ साली हॉलिवुडचा 'द क्रिएटर' आला. कॅमेरा सोनीचा एफएक्स३, अमेरिकेत सुमारे चार हजार डॉलरचा. झालं, जगभर गवगवा: बघा, तुमच्याआमच्या कॅमेऱ्यावर हॉलिवुड! चित्रपटाचं बजेट होतं सुमारे आठ कोटी डॉलर, ते सांगताना प्रचारकांचा घसा बसला. कॅमेऱ्यापुढे अ‍ॅनामॉर्फिक लेन्स, मागे 'ड्यून'चा छायाचित्रकार ग्रेग फ्रेझर आणि त्यांच्या जोडीला ओरेन सॉफर. लहान कॅमेरा त्यांनी निवडला तो परवडत नव्हता म्हणून नव्हे, हाताशी राहावा आणि कमी उजेडात चालावा म्हणून. एवढ्या मोठ्या खर्चात आपला वाटा कुठे शोधायचा, ते आपणच सांगा.

आपले धाकटे बंधू तारांकित, म्हणजे '४के'च्या डोक्यावरची ती इवलीशी चांदणी, त्यांचंही बरं चाललेलं दिसतं. कॅननचा ईओएस एम५० २०१८ मध्ये आला, खोक्यावर ४के. पण ४के लावलं की चित्र आणखी कापलं जायचं, त्यामुळे खोलीभर दिसणारी लेन्स एकदम माणसाच्या तोंडावर यायची. वर त्या कॅमेऱ्याची ख्याती असलेला ड्युअल पिक्सेल फोकस नेमका ४के मध्ये रजेवर. हाच कॅमेरा १०८० वर सरळ वागायचा, आणि महोत्सवाच्या पडद्यावर नीट प्रकाश दिलेलं १०८० कोणाला खुपत नाही. पण १०८० सांगून वर्गणी जमत नाही ना.

आणि ते २९ मिनिटं ५९ सेकंद! कितीतरी कॅमेरे बरोबर तिथेच बंद पडायचे. लोक म्हणायचे, सेन्सर तापतो. खरं कारण जकातीचं. एका दमात अर्धा तास किंवा त्याहून जास्त चित्रण करणारं यंत्र युरोपात व्हिडिओ कॅमेरा धरलं जाई आणि त्यावर कर बसे; फोटोच्या कॅमेऱ्यावर नसे. म्हणून एक सेकंद आधी पडदा पाडायचा. तिकडचा कारकून खूश राहावा म्हणून इकडे आमच्या मुलाखतीतला माणूस ऐन रडायच्या क्षणी कापला जायचा. हल्लीच्या बऱ्याच कॅमेऱ्यांतून ही मर्यादा गेली आहे. पण जुना माल घेणाऱ्याने विचारून घ्यावं. निदान नाटक किंवा कीर्तन चित्रित करणाऱ्याने तरी.

कार्डाचं थोडक्यात सांगतो, कारण ते दुकानात सगळ्यात शेवटी आठवतं. सेकंदाला १०० मेगाबिटने लिहिणारा कॅमेरा तासाला ४५ जीबी खातो. ४०० मेगाबिटवाला १८० जीबी. पहिल्याला व्ही३० चं साधं कार्ड पुरतं, दुसऱ्याला ते पुरत नाही आणि टेक मध्येच तुटतो. ब्लॅकमॅजिकच्या पॉकेट ४के ने यावर बरी युक्ती काढली, की साधी एसएसडी केबलने लावा आणि चित्रण थेट तिच्यावर उतरवा. सोबत डाव्हिंची रिझॉल्व्ह या संकलनाच्या सॉफ्टवेअरचा पूर्ण परवानाही फुकट. फक्त बॅटरी तासभरही टिकत नाही, चालता-फिरता फोकस नाही, हात स्थिर ठेवायची सोयही नाही. तरीही माझं मत त्याच्या बाजूने आहे. काय देतोय आणि काय देत नाही, ते तो कॅमेरा लपवत नाही. तीन पायांवर उभं राहून, माणसाने हाताने फोकस ओढून करायच्या कथेला तो चांगला. पळत्या पोरांच्या मागे धावायचं असेल तर दुसरा घ्यावा.

पोरांवरून आठवलं. अमोल गुप्ते यांनी 'स्टॅन्ली का डब्बा' कॅननच्या ७डी वर केला, शाळेतल्या मुलांच्या शनिवारच्या कार्यशाळांमधून. आपण चित्रपटात आहोत हे मुलांना शेवटपर्यंत ठाऊक नव्हतं म्हणतात. मोठा कॅमेरा, ट्रॉली आणि वीस माणसं समोर उभी असती तर ते जमलं असतं का? तिथे लहान बॉडी घेण्याला कारण होतं, आणि ते कारण संहितेतून आलं होतं. आपली चिठ्ठी वाचून नव्हे.

आता आमचा बेत ऐका. पुढच्या टोळक्याला मी लाख रुपयांतले निम्म्याहून जास्त आपल्यावर घालवू देणार नाही, आणि आपला नंबर सगळ्यात शेवटी. आधी आवाज: एक बरा शॉटगन माइक, लांब काठी, दोन कॉलर माइक, त्यांचा आवाज खिशातल्या फोनवर घ्यावा लागला तरी चालेल, टाळी वाजवून नंतर जुळवता येतो. मग ट्रायपॉड. मग एखादीच चांगली लेन्स, जी दहा वर्षांनी दुसऱ्या बॉडीवरही चढेल. प्रकाशाला दोन थर्माकोलचे पत्रे आणि उन्हाच्या वेळा लिहिलेला कागद. उरलेल्या पैशांत मागच्या पिढीची वापरलेली बॉडी, मुंबईच्या बोरा बाजारात पाच दुकानं पालथी घालून, १०-बिट आहे ना हे पाहून. कारण ८-बिटमध्ये एका रंगाच्या २५६ पायऱ्या आणि १०-बिटमध्ये १०२४, आणि संध्याकाळचं आभाळ रंगवताना हा फरक डोळ्याला बोचतो. शूटिंग चारच दिवसांचं असेल तर तीही नको. अंधेरीत बॉडी दिवसाच्या भाड्याने मिळते. आपला भाव दर वर्षी पडतो साहेब. माइकचा तेवढा पडत नाही.

विनंती एवढीच, की पुढच्या चिठ्ठीवर आपलं नाव आकड्याएवढ्याच टायपात छापून घ्यावं. लाजू नये.

कळावे, लोभ आहेच, तो कमी व्हावा ही विनंती.

आपला,
बजेट सांभाळणारा एक निर्मिती-व्यवस्थापक

ता. क.: टोळक्याने कॅमेरा विकलेला नाही. लग्नसराईत तो भाड्याने देतात आणि त्या पैशांतून शॉटगन माइक आला. अंगणातला सीन जूनच्या ढगाळ दिवसात पुन्हा केला. परवा एक जण कॅमेरा न्यायला आला. भाडं ऐकून खूश झाला, पैसे मोजले, आणि जाता जाता विचारलं, "लेन्स सोबत आहे ना?"